"लो होतंय" हे घरात मोठ्याने म्हणता आलं पाहिजे

सातारा जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून थोडक्यात देते:

"माझा मुलगा १७ वर्षांचा, बारावीत आहे. नवव्या वर्षी त्याला टाइप वन मधुमेह निघाला, म्हणजे शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं. आजवर शुगर कमी झाली, 'लो' झाली, की साखर खाऊन तो थोड्या वेळात बरा व्हायचा. दोन महिन्यांपूर्वी जत्रेच्या कबड्डीची तयारी चालू होती. संध्याकाळी दोन तास खेळून आला, नेहमीसारखा जेवला, नेहमीचं इन्सुलिन घेतलं आणि झोपला. रात्री तीनला कॉट खडखडली म्हणून धावत गेले, तर डोळे फिरलेले, दातखीळ बसलेली, अंग घामाने चिंब, हातपाय झाडत होता. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाशी धरला. ह्यांनी साखरेचं पाणी तोंडात ओतलं, त्याचा ठसका लागला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेली. तिथे मशीनवर शुगर २८ आली, ७० च्या खाली गेली तरी ती कमी. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर डोळे उघडले आणि मलाच म्हणाला, 'आई, तू रडतेस का?' तेव्हापासून मी त्याच्या खोलीत खाली अंथरूण टाकते, दर दोन तासांनी शुगर बघायला त्याचं बोट टोचते. रात्रीचं इन्सुलिनचं पेन मीच भरून देते, आणि त्याला न सांगता चार युनिट कमी भरते. सकाळी शुगर २५०-३०० असते, पण निदान तो उठतो. माझ्याशी धड बोलत नाही. परवा दप्तरात ग्लुकोजच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं सापडली. म्हणजे लो होतं आणि मला सांगत नाही. जूनमध्ये पुण्याला शिकायला जायचं म्हणतो. मी झोपू कशी? आणि त्याला पाठवू का?"

ताई,

मला स्वतःला अकराव्या वर्षापासून टाइप वन आहे. ३४ वर्षं झाली. शुद्ध हरपण्याइतकी शुगर उतरल्याचे प्रसंग माझ्यावर चारदा आले आणि चारही वेळचं मला काही म्हणता काही आठवत नाही. आठवतो तो डोळे उघडल्यावर दिसलेला आईचा चेहरा. त्यामुळे "तू रडतेस का" हे वाक्य वाचलं आणि मला पत्र थोडा वेळ बाजूला ठेवावं लागलं. तुमच्या मुलाच्या आयुष्यात ती रात्र नाहीच. तो झोपला आणि दवाखान्यात उठला. मधलं सगळं तुम्ही पाहिलंत. तो चिडतो ते तुमची भीती त्याला खोटी वाटते म्हणून नव्हे, तुम्ही जे पाहिलंत ते त्याने पाहिलेलंच नाही म्हणून. एकदा शांतपणे बसून त्याला ती रात्र सांगा. दोष न देता, नुसतं काय काय झालं तेवढंच. माझ्या आईने मला तिची रात्र सांगितली तेव्हा मी तीस वर्षांची होते. फार उशीर झाला होता.

आता त्या रात्रीबद्दल. जेवण नेहमीचं, डोस नेहमीचा, मग झालं कसं, हा प्रश्न तुम्हाला खात असणार. खेळताना स्नायूंमधला साखरेचा साठा संपतो आणि तो परत भरण्याचं काम पुढे कितीतरी तास, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत चालू राहतं. स्नायू रक्तातली साखर ओढत राहतात, आणि त्या काळात इन्सुलिनही जास्त लागू पडतं. दोन तास कबड्डी खेळलेल्या मुलासाठी नेहमीचा डोस रात्री जास्तीचा ठरतो. त्यात झोपेत शरीराची धोक्याची घंटा मंद वाजते. जागेपणी घाम आणि थरथर जाणवली असती, झोपेत ती त्याला उठवू शकली नाही. यात तुमचं काही चुकलं नाही आणि त्याचंही नाही. ही माहिती घरात कुणी दिलेलीच नव्हती.

कबड्डी मात्र बंद करू नका. वासीम अक्रमला टाइप वन निघाला १९९७ च्या सुमारास, आणि त्यानंतर तो २००३ च्या विश्वचषकापर्यंत वेगवान गोलंदाजी करत होता. खेळाच्या दिवसाचा हिशेब वेगळा मांडायचा असतो, एवढंच. संध्याकाळी जोरात खेळणं झालं तर डॉक्टर रात्रीचं लांब पल्ल्याचं, म्हणजे हळूहळू बराच वेळ चालणारं इन्सुलिन बहुधा २० टक्क्यांच्या आसपास कमी करायला सांगतात, जेवणाच्या डोसचंही बघतात आणि झोपण्यापूर्वी काहीतरी खायला लावतात. तुमच्या मुलासाठी नेमका आकडा काय, तो कागदावर लिहून घ्या. "खेळाचा दिवस" आणि "साधा दिवस" असे दोन वेगळे डोस लिहिलेला तो कागद फ्रीजवर लावा.

डॉक्टरांकडे गेलात की आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. पोटावर, मांडीवर जिथे सुई टोचतो तिथे बोटं फिरवून बघा. वर्षानुवर्षं एकाच जागी टोचलं की कातडीखाली मऊ गाठी होतात. तिथे दुखत नाही म्हणून मुलं तिथेच टोचतात. गाठीतून इन्सुलिन कधी कमी मुरतं, कधी एकदम. एखाद्या दिवशी सुई ताज्या जागी गेली की तोच डोस अचानक जास्त लागू पडतो. दुसरी गोष्ट, पेन मिळालं नाही म्हणून कधी बाटली आणलीत तर बाटलीवरचा आकडा वाचा. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेली बाटली मिळते आणि १०० चीही. ४० साठी लाल टोपणाची सिरिंज, १०० साठी केशरी. १०० ची बाटली आणि लाल सिरिंज अशी गल्लत झाली तर अडीच पट इन्सुलिन अंगात जातं. मेडिकलवाल्याने दिली म्हणून बरोबरच असेल असं धरू नका.

पुन्हा तशी वेळ आली तर काय करायचं, हे घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं. सासूबाईंनासुद्धा. त्यांनी कांदा धरला तो नातवाच्या जिवासाठीच, पण ही आकडी मेंदूला साखर न मिळाल्याने येते, वासाने ती थांबत नाही. चप्पल, कांदा, तोंडावर पाणी, यातल्या कशाचाच उपयोग नाही. मुलगा शुद्धीत नसेल, किंवा सांगितलेलं गिळत नसेल, तर तोंडात काहीही घालायचं नाही. पाणी नाही, साखर नाही, दात उघडायला चमचा नाही. त्याचा ठसका लागला म्हणता ना, ते पाणी श्वासनळीकडे जात होतं. ह्यांना हे सांगताना जपून सांगा, बापाने त्या क्षणी हाताला लागेल ते केलं. त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर पडते. आजूबाजूचं टणक सामान बाजूला करायचं, हातपाय दाबून धरायचे नाहीत. एकाने लगेच १०८ ला फोन करायचा. मशीन हाताशी असेल तर बोट टोचून बघा, नसेल तर शोधत बसू नका. आणि इन्सुलिन अजिबात द्यायचं नाही. "डायबेटीसवाला बेशुद्ध पडला, इन्सुलिन द्या" असं सांगणारं कुणीतरी गर्दीत असतंच.

या सगळ्यात घरात एक वस्तू असायला हवी, तिचं नाव ग्लुकॅगॉन. हे इंजेक्शन यकृतात साठवलेली साखर रक्तात सोडायला लावतं. तुमच्या मुलाएवढ्याला पूर्ण १ मिलिग्रॅम, मांडीत, साधारण दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध येऊ लागते. नंतर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवरच ठेवायचं. नीट गिळता येऊ लागलं की गोड आणि मग पोळी-भात. आपल्याकडे ते प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, महागही असतं. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, साताऱ्यात किंवा पुण्यात मागवायला सांगा आणि मिळालं की मुदतीची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा. डब्यात पावडरची कुपी आणि पाण्याने भरलेली सिरिंज असते. पाणी कुपीत सोडायचं, हलवायचं, परत ओढायचं आणि टोचायचं. वाचायला सोपं आहे, रात्री तीनला थरथरत्या हातांनी नाही. आमच्याकडे मुदत संपलेलं किट टाकत नाहीत. नवं आणलं की जुनं घेऊन सगळे ओट्याशी जमतात आणि प्रत्येक जण मोसंबीत एकदा टोचून बघतो. माझ्या नवऱ्याला पहिल्यांदा कुपीचं टोपण काढायचं असतं हेच लक्षात आलं नव्हतं. ते ओट्यावर कळलं, हे किती बरं झालं.

आता जे लिहिते आहे ते तुम्हाला लागेल. तरीही लिहिते, कारण तुमच्या पत्रातला खरा धोका मला इथे दिसतो.

तुम्ही रात्री चार युनिट कमी भरता. सकाळी तो उठतो तेव्हा शुगर २८०. त्याला कारण माहीत नाही. त्याला वाटतं आपलंच काहीतरी बिघडलं, म्हणून तो कॉलेजला निघण्यापूर्वी भरपूर इन्सुलिन घेतो. कदाचित दोन तासांनी धीर सुटला की पुन्हा घेतो. अकरा-बाराच्या सुमाराला ते सगळं एकत्र लागू पडतं आणि शुगर कोसळते. मग तो बाकाखाली हात घालून गोळ्या चघळतो आणि घरी सांगत नाही, कारण सांगितलं तर तुम्ही रडाल, पुणं रद्द होईल, कबड्डी बंद होईल. ती रिकामी पाकिटं अशीच जमली असावीत. तुम्ही भीतीपोटी लपवता आणि तोही भीतीपोटीच.

आणि या लपवण्याचा परिणाम नुसता मनावर होत नाही. शुगर ७० च्या खाली आली की शरीर अॅड्रेनलिन सोडतं, त्यानेच घाम, थरथर, धडधड, भूक लागते. हीच ती घंटा. पण एकदा लो होऊन गेलं की पुढचे एक-दोन दिवस ही घंटा उशिरा वाजते. वरचेवर लो होत राहिलं तर वाजेनाशीच होते. शुगर ५४ च्या खाली गेली की मेंदूचं काम अडखळू लागतं, आणि माणूस कसलीही सूचना न मिळता थेट तिथे पोहोचतो. म्हणजे दप्तरातलं प्रत्येक रिकामं पाकीट पुढच्या मोठ्या झटक्याची वाट थोडी मोकळी करतं. चांगली गोष्ट ही, की दोन-तीन आठवडे कटाक्षाने लो होऊ दिलं नाही तर घंटा बऱ्याच अंशी परत वाजू लागते.

म्हणून डॉक्टर अशा प्रसंगानंतर काही आठवडे शुगरचं लक्ष्य मुद्दाम थोडं वर नेतात. तुमच्या मनाने जे केलं त्याची दिशा तेवढ्यापुरती बरोबर होती. पण २५०-३०० फार झालं, आणि त्याला न सांगता तर नाहीच. टाइप वनमध्ये इन्सुलिन कमी पडत राहिलं की रक्तात कीटोन नावाची आम्लं साठतात. त्यात एखाद्या दिवशी ताप आला की उलट्या, पोटदुखी, धाप असं सुरू होऊन पुन्हा तोच दवाखाना. आज त्याला सांगा की तू झोपल्यावर मला भीती वाटते म्हणून मी चार युनिट कमी भरत होते. रागावेल. रागावू द्या. मग उद्यापासून पेन त्याच्या हातात द्या. आजवरच्या सकाळच्या आणि दुपारच्या शुगर खऱ्या खऱ्या लिहून दोघं मिळून डॉक्टरांकडे जा.

आठवीत असताना गणिताच्या तासाला मला लो झालं. मी खिशातली लिमलेटची गोळी तोंडात टाकली. बाईंनी वर्गापुढे उभं करून थुंकायला लावली आणि म्हणाल्या, "साखरेचा आजार आणि गोळ्या खाते." मुलं हसली. त्या दिवसापासून चार वर्षं मी शाळेत एकदाही लो झाल्याचं कुणाला सांगितलं नाही. डेस्कवर डोकं ठेवून बसायचे. फळ्यावरची अक्षरं दिसायची पण त्यांचे शब्द व्हायचे नाहीत. पाणी हवं का असं मैत्रिणीने विचारलं तरी मी खेकसायचे. लो झालेल्या माणसाचा राग त्याचा नसतो ताई, मेंदू उपाशी असतो. तो "मला काही झालेलं नाही, जा इथून" असं ओरडला तर वाद घालू नका, साखर पुढे करा. बेशुद्ध होण्याचे माझे चारपैकी तीन प्रसंग त्या लपवण्याच्या वर्षांतले आहेत.

तर घरात असा रिवाज पाडा की "लो होतंय" म्हटलं की कुणी "काय खाल्लं नाहीस?", "किती वेळा सांगितलं?" असं विचारायचं नाही. फक्त साखर आणून द्यायची आणि शेजारी बसायचं. प्रश्न उद्या. पहिल्यांदा तुम्हाला जीभ चावावी लागेल.

साखर म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, तेवढाच ग्लुकोज किंवा अर्धा कप फळांचा रस. साधारण १५ ग्रॅम. पेढा, चॉकलेट, बिस्किट नको, त्यातल्या तुपा-लोण्यामुळे साखर उशिरा चढते. १५ मिनिटांनी पुन्हा बोट टोचायचं, ७० च्या वर नसेल तर पुन्हा तेवढंच. पुढच्या जेवणाला अजून वेळ असेल तर वर अर्धी पोळी किंवा कपभर दूध. एकादशीला आजीबरोबर उपास धरायची हौस असेल तर तोही डॉक्टरांना विचारून, आणि साखर तोंडात टाकायची वेळ आली तर उपास तिथेच सुटला. हे आजीच्याच तोंडून त्याला ऐकू द्या.

दर दोन तासांनी उठणं तुम्ही फार दिवस करू शकणार नाही, आणि रोज करायची गरजही नाही. परवडत असेल तर दंडावर लावायचा, शुगर सतत बघणारा सेन्सर घ्या. फ्रीस्टाइल लिब्रेसारखा एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो. गजर देणारा प्रकार आहे का, विचारून घ्या. तो ७० ऐवजी ८० वर लावा, म्हणजे हाताशी वेळ राहतो. सेन्सर रक्तातली साखर थेट मोजत नाही, त्याचा आकडा काही मिनिटं मागे असतो. त्या हातावर दाबून झोपलं तर खोटाच लो दाखवतो. शंका आली की बोट टोचायचं. खर्च झेपत नसेल तर परीक्षेच्या आणि खेळाच्या दिवसांत दोन-चार आठवडे लावला तरी रात्रीचं चित्र कळतं. तेही शक्य नसेल तर साध्या दिवशी झोपताना एकदा तपासा. खेळाच्या, आजारपणाच्या किंवा दिवसा लो झालेल्या दिवशी रात्री दोन-तीनच्या सुमाराला आणखी एकदा, घड्याळाचा गजर लावून. ह्यांच्याशी पाळी लावून घ्या. सगळ्या रात्री एकट्या आईने जागून काढायच्या असा काही नियम नाही.

त्या झटक्याने त्याच्या डोक्यावर, अभ्यासावर परिणाम झाला असेल का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. वेळेवर ग्लुकोज मिळालेल्या अशा एका प्रसंगाने त्याच्या वयाच्या मुलाचं सहसा कायमचं काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ निघून जाते.

आणि पुणं. पाठवा. पण जूनपर्यंतचे महिने त्याच्या तयारीला द्या, तुमच्या पहाऱ्याला नको. आतापासून त्याने स्वतः गजर लावून उठायचं, स्वतः डोस भरायचा, तुम्ही फक्त विचारलं तर सांगायचं. खोलीतल्या निदान दोघांना त्याने स्वतः सगळं सांगावं. ग्लुकॅगॉन कुठे आहे, कुशीवर कसं वळवायचं, १०८. सगळ्या हॉस्टेलला सांगायची गरज नाही. खोलीच्या दाराला आतून कडी लावून एकट्याने झोपायचं नाही. गाडीवर बसण्यापूर्वी शुगर बघायची आणि ९० च्या वर असेल तरच किल्ली फिरवायची. पाकिटात आजाराची चिठ्ठी असावी, प्रत्येक पँटच्या खिशात ग्लुकोज असावा. दारूचा विषयही तुम्हीच काढा. घरात तो शब्द उच्चारला जात नसेल तरी काढा. दारू उतरवण्यात गुंतलेलं यकृत साखर सोडत नाही, त्या रात्री ग्लुकॅगॉनही नीट काम करत नाही, आणि लो झालेला मुलगा मित्रांना नुसता चढलेला वाटतो, मग ते त्याला झोपू देतात. हे त्याला आईकडून कळलं तर तो घाबरेल कमी आणि ऐकेल जास्त.

आज रात्रीपासून सुरुवात करायची असेल तर एवढं करा. त्याच्याशी बोलून झालं की साडेदहाला शुगर त्याला बघू द्या आणि आकडा त्याने मोठ्याने तुम्हाला सांगू दे. उशाशी साखरेची डबी, पाण्याची बाटली आणि मशीन ठेवा. सुरुवातीच्या या रात्रींत तीनचा एक गजर राहू द्या, तो ह्यांच्या फोनवर लावा. मग खालचं अंथरूण गुंडाळा आणि आपल्या खोलीत जा. दोन्ही दारं नुसती लोटून घ्या.